खरेदी दिली, खरेदी घेतली

जालन्याच्या रजिस्ट्री ऑफिससमोर कोणत्याही कामाच्या दिवशी उभे राहिले की एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘आज आमची खरेदी आहे.’ जमीन घेणारा हे म्हणतो आणि जमीन देणाराही हेच म्हणतो. देणाऱ्याला थोडे आणखी बोलते केले तर तो सांगतो, ‘अमक्याला दोन एकर खरेदी करून दिली.’ आपल्या कानाला हे वाक्य इतके सवयीचे झाले आहे की त्यातली गंमत लक्षात येत नाही. खरेदी तर घेणाऱ्याने करायची असते. मग विकणारा ती ‘करून’ कशी देतो?

कागदाच्या नावातही हाच घोळ आहे. इंग्रजीत या दस्ताला ‘सेल डीड’ म्हणतात, म्हणजे विक्रीचा कागद. तोच कागद मराठीत ‘खरेदीखत’ होतो, म्हणजे घेणाऱ्याच्या बाजूचा कागद. उर्दूत तो ‘बैनामा’ आहे, आणि त्यातला ‘बय’ हा अरबी शब्द जुन्या वापरात दोन्ही बाजूंना चालत असे. कागद एक, व्यवहार एक, पण तीन भाषा तीन ठिकाणी उभ्या राहून त्याच्याकडे पाहतात. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. शब्दार्थ सांगता सांगता हा शब्द मला बाजारातून कोर्टापर्यंत घेऊन गेला. हा प्रवास निव्वळ भाषेचा नाही. मराठवाड्यात ‘खरेदी’ या एका शब्दाच्या अर्थावरून माणसांच्या जमिनी गेल्या आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

विकणे सोडून बाकी सगळे

आधी बाजारातली बोली पाहू. मराठीत घेण्यासाठी स्वतःचे एकशब्दी क्रियापद उरलेले नाही. संस्कृतात ‘क्री’ म्हणजे घेणे आणि ‘विक्री’ म्हणजे देणे अशी सरळ जोडी होती. मराठीत त्यातले ‘विकणे’ राहिले. ‘क्री’चा अंश ‘किराणा’सारख्या शब्दात तेवढा सापडतो. घ्यायचे असेल तर आपण ‘विकत घेणे’ म्हणतो, म्हणजे कोणी विकत असताना ते घेणे. घेण्याची क्रियासुद्धा विकण्याच्या शब्दावर टेकून उभी आहे. नाहीतर मग ‘खरेदी करणे’, आणि ‘खरेदी’ हा तर फारसी शब्द.

गंमत अशी की विकणे हा शब्द असूनही माणसे तो तोंडावर येऊ देत नाहीत. भाजीवालीला आपण ‘वांगी कशी दिली?’ असे विचारतो. मोंढ्यातून आलेल्या शेतकऱ्याला ‘तूर काय भावाने गेली?’ असे विचारतो. माल ‘खपतो’, ‘उठतो’. सोने विकले असे घरात कोणी म्हणत नाही, दागिना ‘मोडला’ म्हणतात. बैल विकायचा असेल तर त्याला ‘बाजार दाखवला’ म्हणतात. आणि जमीन? जमीन ‘काढली’. मुलीच्या लग्नात दोन एकर काढली, दवाखान्यात एक एकर गेली. ‘बापाची जमीन विकली’ हे वाक्य बहुधा दुसऱ्याबद्दल आणि पाठीमागे बोलले जाते. स्वतःबद्दल बोलताना माणूस दुसरे क्रियापद शोधतो.

इंग्रजीतल्या ‘सेल’चे मूळही असेच आहे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ नुसता ‘देणे’, ‘हवाली करणे’ असा होता. पैसे घेऊन देणे हा अर्थ पुढे पक्का झाला. म्हणजे ‘वांगी कशी दिली?’ विचारणारी आपली बाई आणि हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज शेतकरी एकाच वाटेवर होते.

लाक्षणिक अर्थ तर दोन्हीकडे भरपूर. मराठीत माणूस ‘विकला जातो’, तेव्हा त्याने इमान सोडलेले असते. नको ते दुखणे आपण ‘विकत घेतो’. विकतचे श्राद्ध घेऊन सव्यापसव्य करणाऱ्याची म्हण सर्वांना ठाऊक आहे. उर्दूतही तसेच, तिथे मुसीबत ‘मोल’ घेतली जाते आणि झगडाही ‘मोल’ घेतला जातो. इंग्रजीत एखादी गोष्ट ‘बाय’ केली नाही म्हणजे ती पटली नाही, तिच्यावर विश्वास बसला नाही. विकत घेणे आणि विश्वास ठेवणे यांचे हे नाते पुढे पुन्हा भेटणार आहे.

फारसी गेली, खरेदी राहिली

‘खरेदी’ फारसीतल्या ‘खरीदन’वरून आली. तिची जोडीदार ‘फरोख्त’, म्हणजे विक्री. दख्खनच्या सल्तनतींच्या काळात महसूल, कचेरी आणि बाजार यांच्या कारभारातून असे शेकडो शब्द मराठीत मुरले. दुकान, बाजार, दलाल, नफा, किंमत, जिन्नस, हिशेब, वसूल, बाकी हे शब्द परके आहेत असे आज कोणाला वाटतही नाही.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंतांनी ‘राजव्यवहारकोश’ तयार केला. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा तो कोश. त्यातला एक वर्ग ‘पण्यवर्ग’, म्हणजे व्यापाराच्या शब्दांचा. दरबारी शब्द काही प्रमाणात बदलले, पदांची नावे बदलली. बाजाराने मात्र आपले शब्द सोडले नाहीत. राजाने काय म्हणायचे हे कोश ठरवू शकतो. पण भाव करताना समोरच्याला कळेल तोच शब्द वापरावा लागतो.

या देवाणघेवाणीचा अभ्यास दोन्ही बाजूंनी झाला, हे आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे. कवी माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन यांनी १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ प्रसिद्ध केला. आणि मौलवी अब्दुल हक यांनी मराठीवरच्या फारसीच्या प्रभावावर उर्दूत पुस्तक लिहिले. त्या काळात त्यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे ठाणे औरंगाबादला होते, आणि जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच मोडत होता. ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून ज्यांना जग ओळखते, ते मराठीचा असा बारकाईने विचार करत होते.

निजामाच्या राज्यात १८८४ च्या सुमारास कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या कागदांत बैनामा, रेहननामा, इकरारनामा असे शब्द आणि फसली साल सापडते. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद भारतात सामील झाले, १ मे १९८१ ला जालना स्वतंत्र जिल्हा झाला, पण पेट्यांमधले कागद तसेच राहिले. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने निजामकालीन नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची किती गरज आहे हे सगळ्यांना एकदम कळले. उर्दू ही केवळ मुसलमानांच्या घरातली भाषा नाही, ती मराठवाड्यातल्या सगळ्यांच्या जमिनीची भाषा होती.

बय आणि बैअत

आता बैनाम्यातल्या ‘बय’कडे वळू. अरबीत काही शब्द असे आहेत की त्यांचे दोन उलट अर्थ होतात. अशा शब्दांना अरबीचे जाणकार ‘अजदाद’ म्हणतात. ‘बय’ आणि ‘शिरा’ हे शब्द त्यातले. आज ‘बय’ म्हणजे विक्री आणि ‘शिरा’ म्हणजे खरेदी असे शिकवले जाते, पण जुन्या अरबीत दोन्ही शब्द दोन्ही अर्थांनी येतात. सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांना मोजक्या दिरहमांत विकले गेल्याचा प्रसंग आहे. तिथे ‘विकले’ या अर्थी जे क्रियापद आले आहे ते ‘शिरा’च्याच मुळातले. लगेच पुढच्या आयतीत मिसरमध्ये ज्याने त्यांना घेतले, त्याच्यासाठीही त्याच मुळाचे दुसरे रूप आले आहे. एकाच मुळातून विकणाराही निघतो आणि घेणाराही.

हे विचित्र वाटते, कारण आपण पैसा म्हणजे एक गोष्ट आणि माल म्हणजे दुसरी गोष्ट असे धरून चालतो. अदलाबदलीच्या काळात तसे नव्हते. मी ज्वारी दिली, तुम्ही घोंगडी दिली. विकले कोणी आणि घेतले कोणी? दोघांनीही दोन्ही केले. मराठीतही याची खूण आहे. जमिनीच्या करारासाठी आपण ‘साठेखत’ म्हणतो, त्याच्या मुळाशी ‘साटे’ म्हणजे अदलाबदल आहे. साटेलोटे करून लग्न लावतात ते हेच साटे.

‘बय’च्या मुळातूनच ‘बैअत’ हा शब्द येतो. मुरीद पीराच्या हातात हात देऊन बैअत करतो. प्रेषितांच्या हातावर सहाबांनी बैअत केली. सौदा आणि निष्ठेची शपथ यांचे मूळ एकच, कारण दोन्ही ठिकाणी हातावर हात पडतो आणि शब्द दिला जातो. सौद्यासाठी अरबीत ‘सफका’ असाही शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ हातावर हात मारणे.

आपल्या गुरांच्या बाजारात हात आजही बोलतो. उपरण्याखाली किंवा रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवायची पद्धत महाराष्ट्रात सगळीकडे होती. मोंढ्यात या पद्धतीला ‘हत्ता’ म्हणत. झाकलेल्या हातात दलाल आणि व्यापारी यांचे काय ठरले हे माल आणणाऱ्या शेतकऱ्याला कळत नसे. हैदराबाद संस्थानात १९३० मध्ये शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला आणि महाराष्ट्रात १९६३ चा बाजार समिती कायदा आला. असे कायदे करण्यामागे एक मोठे कारण हे होते की भाव उघड बोलला गेला पाहिजे. हातावर हात ठेवणे ही विश्वासाची खूण आहे. तोच हात कापडाखाली गेला की तिसऱ्याला फसवण्याचे साधन होतो.

‘कायम’ हा शब्द का लागला?

मराठी खरेदीखताच्या माथ्यावर अनेकदा ‘कायम फरोक्त खरेदीखत’ असे लिहिलेले असते. फरोक्त म्हणजे विक्री, पुढे खरेदी, आणि आधी ‘कायम’. विकली म्हणजे कायमचीच गेली. मग ‘कायम’ वेगळे का लिहावे लागते?

कारण कायम नसलेली खरेदीही असते. तिला आपल्याकडे ‘मुदत खरेदी’ म्हणतात. अडचणीतला माणूस जमीन लिहून देतो, पैसे घेतो, आणि ठरलेल्या मुदतीत पैसे परत केले तर जमीन परत मिळेल असे ठरते. कागदावर खरेदी, मनात गहाण.

या व्यवहाराचा इतिहास थेट मध्य आशियापर्यंत जातो. हिजरी पाचव्या शतकाच्या आसपास बुखारा आणि समरकंद भागात ‘बय बिल वफा’ नावाचा व्यवहार रूढ झाला. वफा म्हणजे वचन पाळणे. व्याज हराम, पण गरज तर आहे. म्हणून कर्ज देण्याऐवजी जमीन विकत घ्यायची, तिचे पीक खायचे आणि पैसे परत आले की जमीन परत द्यायची. वरून पाहिले तर विक्री, आतून पाहिले तर कर्ज, आणि पीक म्हणजे त्याचे व्याज. हनफी फकीहांमध्ये यावर मोठा वाद झाला. काहींनी लोकांची गरज पाहून त्याला परवानगी दिली. काहींनी सांगितले की हे सरळसरळ रेहन म्हणजे गहाण आहे आणि गहाण जमिनीचे पीक खाणे म्हणजे व्याज खाणेच. उस्मानी साम्राज्याच्या ‘मजल्ला’ या दिवाणी संहितेत या व्यवहाराची रीतसर व्याख्या आहे. १९९२ मध्ये जेद्दा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनाने मात्र तो नाजायज ठरवला. कुरआनने बय हलाल केली आणि रिबा हराम केला, हे प्रत्येक मुसलमानाला तोंडपाठ असते. प्रश्न नेहमी हाच राहिला की बयचे कपडे घातलेला रिबा ओळखायचा कसा?

हाच व्यवहार मोगल काळात हिंदुस्थानात सर्वत्र होता. इंग्रजांना तो बंगालमध्ये भेटला. मुदत संपायच्या दिवशी सावकार घरी सापडतच नाही आणि दुसऱ्या दिवशी जमीन आपली झाली म्हणून सांगतो, अशा तक्रारी होत्या. म्हणून १७९८ च्या नियमाने कर्जदाराला पैसे कोर्टात जमा करायची सोय दिली आणि १८०६ च्या नियमाने नोटीस मिळाल्यावर आणखी एक वर्षाची सवलत दिली. पुढे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मध्ये ‘सशर्त विक्रीचे गहाण’ या नावाने हा व्यवहार आला.

दख्खनमध्ये प्रकरण आगीपर्यंत गेले. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले आणि दंगा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. या लोकांनी मुख्यतः सावकारांकडची खते आणि रोखे मागून घेतले आणि जाळले. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी हे नेमके ओळखले होते की आपली मान कागदात अडकली आहे. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. १९०७ मध्ये त्यात कलम १०अ घातले गेले. कागदावर विक्री लिहिली असली तरी खरा व्यवहार कर्जाचा होता का, हे तोंडी पुराव्यानेही तपासायची मुभा या कलमाने कोर्टाला दिली. कागदाच्या नावामागे जाऊन अर्थ शोधा, असा तो आदेश होता.

हा कायदा ब्रिटिश मुलखातला. जालना निजामाच्या राज्यात, त्यामुळे इथल्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. निजाम सरकारने १३४९ फसलीत म्हणजे १९३९-४० च्या सुमारास शेतजमीन शेतकऱ्याच्या हातून जाऊ नये म्हणून बंधने घालणारा कायदा केला. म्हणजे रोग इथेही तोच होता.

दोन कागद

उर्दू येते म्हणून लोक माझ्याकडे जुने कागद वाचायला आणतात. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याचे वडील दोन कागद घेऊन आले. घर हिंदू, शेती कोरडवाहू. पहिला कागद आजोबांच्या काळातला, फसली सालाचा, उर्दूतला. मजकूर बैनाम्याचा होता. पण खाली स्पष्ट अट लिहिलेली होती की तीन वर्षांत रक्कम परत केली तर घेणाऱ्याने जमीन परत करावी. मागच्या बाजूला दुसऱ्या शाईत रक्कम पोहोचल्याचा शेरा आणि सही. ती जमीन घरात परत आली होती.

दुसरा कागद त्यांचा स्वतःचा, मराठीतला, टाइप केलेला, रजिस्टर झालेला. माथ्यावर ‘कायम फरोक्त खरेदीखत’. त्यांनी एका सावकाराकडून उसने पैसे घेतले होते. ‘व्याज देत राहा, मुद्दल दिले की उलटून देतो’ असे बोलणे झाले होते. दोन वर्षे व्याज पोहोचवले, पावती एकही नाही. पैसे घेऊन गेले तेव्हा उत्तर मिळाले, ‘कसली उलटून? खरेदी आहे ती.’ फेरफार झालेला, सातबाऱ्यावर नाव बदललेले.

ते मला विचारत होते, ‘सर, आजोबाच्या कागदात होतं ते माझ्या कागदात का नाही?’ दोन्ही कागद रात्री शेजारी ठेवून मी पुन्हा वाचले. उर्दूतला कागद त्यांना वाचता येत नव्हता, पण तो त्यांच्या घराच्या बाजूने बोलत होता. मराठीतला कागद त्यांना वाचता येत होता, आणि त्यात त्यांच्या बाजूचे एक वाक्य नव्हते. ‘कायम’ या शब्दाने आजोबांच्या कागदातली सगळी ‘वफा’ पुसून टाकली होती.

कायद्याने हे दार पूर्ण बंद केलेले नाही, पण ते अरुंद आहे. १९२९ मध्ये कलम ५८ ला एक परंतुक जोडले गेले. परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच तो व्यवहार गहाण समजला जाईल, असे ते सांगते. तोंडी वचन किंवा वेगळ्या बाँडवर लिहून घेतलेले वचन या कलमाला पुरत नाही. दस्त खरा व्यवहार दाखवण्यासाठी केलाच नव्हता, तो नाममात्र होता, हे सिद्ध करायला तोंडी पुरावा देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या एका निकालात सांगितले. पण सिद्ध करण्याचा भार आपल्यावर आणि वर्षे कोर्टात. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ च्या कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. अवैध सावकारीतून जमीन लिहून घेतली गेली असे चौकशीत ठरले तर ती परत देण्याचा आदेश ते देऊ शकतात. पंधरा वर्षांपर्यंतच्या व्यवहारांना ही सोय आहे. त्या गृहस्थांना मी ही वाट सांगितली आणि वकिलाकडे पाठवले. त्यांचे प्रकरण अजून चालू आहे.

कोण सांगतो, कोण लिहितो

मराठी खरेदीखतात ‘खरेदीदार’ आणि ‘विक्रेता’ यांच्या जोडीला आणखी दोन जुनी नावे असतात, ‘लिहून घेणार’ आणि ‘लिहून देणार’. विकणारा तो ‘लिहून देणार’. आता सुरुवातीचे कोडे सुटते. विकणारा ‘खरेदी करून देतो’, कारण मराठीच्या जुन्या समजुतीत कागद हा त्याचा शब्द आहे. तो बोलतो, तो कबूल करतो, तो लिहून देतो. घेणारा फक्त तो कागद स्वीकारतो. या नावांमध्ये विकणाऱ्याच्या तोंडाला मान आहे.

कुरआनची सर्वांत लांब आयत, सूरह बकराची दोनशे ब्याऐंशीवी, उधारीच्या लिखापढीबद्दल आहे. त्या आयतीत एक बारकाई आहे, तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. कागदावर काय लिहायचे हे कोणी सांगावे? आयत सांगते की ज्याच्यावर देणे आहे त्याने सांगावे. सावकाराने नाही, लेखनिकानेही नाही. तो अडाणी किंवा दुबळा असेल तर त्याच्या वतीने त्याच्या पालकाने न्यायाने सांगावे. लेखनिकाने जसे आहे तसे लिहावे. साक्षीदार ठेवावेत आणि त्यांना त्रास देऊ नये. चौदाशे वर्षांपूर्वी अडलेल्या माणसाच्या हाती बोलण्याचा हक्क दिला गेला, कारण कर्ज घेताना गरज त्याचे तोंड बंद करते.

आपल्या ‘लिहून देणार’ या शब्दांतही तीच अपेक्षा आहे. प्रत्यक्षात मजकूर घेणारा ठरवतो, टाइप करणाऱ्याला पैसे घेणारा देतो, साक्षीदार घेणाऱ्याच्या ओळखीचे असतात. लिहून देणाऱ्याकडे अंगठा किंवा सही एवढेच उरते. हिंदू असो की मुसलमान, मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची यात एकच गत आहे. व्याज घेत नाही म्हणून मोठ्या दिमाखाने सांगणारे आणि अडलेल्याची जमीन ‘खरेदी’ करून तिचे पीक खाणारे आपल्या समाजातही आहेत, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. बुखाऱ्याच्या ज्या फकीहांनी याला रेहन म्हटले, त्यांचे म्हणणे मशिदीतल्या बयानात आले तर ते ऐकणाऱ्यांच्या उपयोगाचे ठरेल.

म्हणून एवढे करावे. जमीन खरोखर काढायची असेल तर ‘कायम फरोक्त’ लिहावे, पूर्ण किंमत लिहावी आणि ती घ्यावी. गरजेपुरते पैसे हवे असतील तर गहाणखत करावे, खरेदीखत करू नये. तरीही मुदत खरेदीच करावी लागली, तर परत देण्याची अट, रक्कम आणि मुदत त्याच दस्तात घालून घ्यावी. व्याजाची, मुद्दलाची प्रत्येक पावती घ्यावी. आणि रजिस्ट्रारसमोर उभे राहण्याआधी तो मजकूर घरातल्या शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावा. आठवी-नववीतली पोरे हे वाचू शकतात. वाचताना ‘कायम’ शब्द आला की थांबून विचारावे, आपण देतोय ते कायमचे का?